जैविक दहशतवादाला तोंड देण्याची आरोग्ययंत्रणेची तयारी : पहिल्या संशयापासून शेवटच्या पाठपुराव्यापर्यंत

जैविक हल्ल्याची पहिली वर्दी बहुतेक वेळा रुग्णाच्या रूपाने दवाखान्यात येते. स्फोटाचा आवाज होतो, विषारी वायूने माणसे जागच्या जागी कोसळतात. जंतू मात्र शरीरात शिरल्यानंतर काही दिवस, कधी काही आठवडे, कसलीही चाहूल न देता वाढत राहतात आणि तोवर बाधित माणसे आपापल्या घरी, कामावर किंवा दुसऱ्या शहरात पोचलेली असतात. त्यामुळे या संकटाला सर्वांत आधी सामोरे जातात ते रात्रपाळीचे डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ आणि साथरोग अधिकारी. हा लेख त्यांच्यासाठी आणि रुग्णालयांच्या व्यवस्थापनासाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करायला हवी. आजार मुद्दाम पसरवला गेला की नैसर्गिकरीत्या पसरला, याचा निकाल लागायला महिने जाऊ शकतात; रुग्ण वाचवण्यासाठी हाताशी असतात ते मोजके तास. १९८४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या द डॅल्स या छोट्या गावात दहा उपाहारगृहांमध्ये जेवलेल्या ७५१ लोकांना साल्मोनेला या जुलाब-तापाचा आजार करणाऱ्या जंतूची बाधा झाली. अन्न हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या अस्वच्छतेमुळे हे घडले असावे, असा आरोग्य विभागाच्या तपासाचा पहिला निष्कर्ष होता. स्थानिक निवडणुकीवर प्रभाव टाकण्यासाठी रजनीश पंथाच्या काही अनुयायांनी ग्राहक स्वतः वाढून घेतात त्या सॅलडच्या मांडणीत जंतू मिसळले होते, हे जवळपास वर्षभराने, पोलिसांच्या तपासात, उघड झाले. तरीही त्या काळात रुग्णांना उपचार मिळाले, सॅलड मांडणे बंद झाले आणि साथ थांबली, कारण ही कामे हेतूचा पुरावा मिळेपर्यंत खोळंबलेली नव्हती. पुढील सर्व पायऱ्या याच धोरणावर उभ्या आहेत. रोजची साथरोग-यंत्रणा सशक्त असेल तर हल्ल्याच्या वेळी तिला थोडे अधिक वेगाने धावावे लागते. ती मुळातच कुचकामी असेल तर स्वतंत्र ‘जैवदहशतवाद कक्ष’ उभारूनही फारसे काही साधत नाही.

पहिली पायरी : माणसे आणि अधिकार निश्चित करणे

तयारी म्हटली की संरक्षक पोशाख आणि यंत्रांच्या खरेदीचे प्रस्ताव सर्वांत आधी तयार होतात. माझ्या मते सुरुवात एका पानाच्या दूरध्वनी-यादीपासून व्हावी. साथरोग अधिकारी, सरकारी आणि खासगी रुग्णालयांचे प्रमुख, संसर्गरोगतज्ज्ञ, संदर्भ प्रयोगशाळा (निदान पक्के करणारी वरिष्ठ प्रयोगशाळा), औषधभांडार, रुग्णवाहिका सेवा, पाणीपुरवठा, अन्नसुरक्षा विभाग, पोलीस, अग्निशमन दल आणि पशुवैद्यकीय अधिकारी यांची नावे, प्रत्येकाचा बदली अधिकारी आणि चोवीस तास लागणारे क्रमांक त्या यादीत असावेत. पशुवैद्यक या यादीतून हमखास सुटतात आणि ते फार महागात पडू शकते. अँथ्रॅक्स, प्लेग, टुलारेमिया हे मुळात प्राण्यांचे आजार आहेत आणि कधी कधी पहिले मृत्यू गोठ्यात होतात. दर तीन महिन्यांनी, तेही रात्री, प्रत्येक क्रमांकावर प्रत्यक्ष फोन करून यादी तपासावी. कार्यालयीन वेळेतच उचलला जाणारा फोन या कामाचा नाही.

त्याच पानावर दुसरी गोष्ट लिहावी : अंतिम निर्णय कोणाचा. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील डेन्व्हर शहरात न्यूमोनिक प्लेगच्या (फुफ्फुसांच्या प्लेगच्या) काल्पनिक हल्ल्याची मोठी रंगीत तालीम झाली, तेव्हा असंख्य अधिकाऱ्यांचा सहभाग असलेल्या दूरध्वनी-बैठका लांबत गेल्या आणि निर्णय त्यांत अडकून पडले. सल्ला अनेकांनी द्यावा, पण रुग्णालयात नवे रुग्ण घेणे थांबवायचे का, औषधसाठा उघडायचा का, शाळा बंद ठेवायच्या का, यांतील प्रत्येक प्रश्नावर सही कोणाची, हे आधीच ठरलेले असावे. अलगीकरणाचे आदेश कोणत्या कायद्याखाली निघतात, त्याविरुद्ध दाद कोठे मागता येते आणि घरात अडकलेल्या माणसाला अन्न, औषधे व बुडालेली मजुरी कोण देणार, हेही विधी विभागाकडून शांततेच्या काळातच लिहून घ्यावे.

दुसरी पायरी : आजारांची यादी आणि त्यांतील महत्त्वाचा भेद

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सर्वाधिक धोक्याच्या ‘अ’ वर्गात सहा आजार ठेवले आहेत : अँथ्रॅक्स, प्लेग, देवी, बॉट्युलिझम (जंतूच्या विषाने येणारा लुळेपणा), टुलारेमिया (सशांसारख्या प्राण्यांकडून येणारा तापाचा आजार) आणि इबोलासारखे विषाणूजन्य रक्तस्रावी ताप. नियोजनाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त प्रश्न असा की, रुग्णाकडून दुसऱ्या माणसाला लागण होते का? रुग्णालयातील खाटांची मांडणी, कर्मचाऱ्यांचे संरक्षण आणि संपर्कातील व्यक्तींचा शोध या सगळ्यांची दिशा या एका उत्तराने ठरते.

श्वसनमार्गाने झालेला अँथ्रॅक्स, टुलारेमिया आणि बॉट्युलिझम हे माणसाकडून माणसाला पसरत नाहीत. या रुग्णांना नेहमीची काळजी घेऊन सर्वसाधारण कक्षात ठेवता येते; भीतीपोटी त्यांना कोंडून ठेवण्याने उपचारात उशीर होतो, दुसरे काही होत नाही. न्यूमोनिक प्लेग खोकल्याच्या थेंबांतून पसरतो, म्हणून योग्य प्रतिजैविक सुरू होऊन किमान ४८ तास उलटेपर्यंत आणि प्रकृतीत सुधारणा दिसेपर्यंत रुग्णाचे विलगीकरण करावे आणि जवळ जाणाऱ्या प्रत्येकाने मास्क वापरावा. रक्तस्रावी तापात रक्त आणि शरीरातील स्रावांचा स्पर्श धोक्याचा असतो. तेथे संरक्षक पोशाख घालण्याइतकेच तो काढण्याचे प्रशिक्षण महत्त्वाचे आहे, कारण काढताना झालेल्या चुकीतून संसर्ग होऊ शकतो. देवीसाठी हवेतून आणि स्पर्शातून होणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या संसर्गांविरुद्ध काळजी लागते. देवीचे निर्मूलन झाल्याचे १९८० साली जाहीर झाले असून विषाणूचे अधिकृत साठे जगात अटलांटा आणि रशियातील कोल्त्सोवो या दोनच ठिकाणी आहेत. त्यामुळे आज देवीचा एक जरी खात्रीचा रुग्ण आढळला, तरी ती साऱ्या जगासाठी आणीबाणी ठरेल.

तिसरी पायरी : संशय येण्याची सवय

२ ऑक्टोबर २००१ रोजी फ्लोरिडातील एका रुग्णालयात साठीच्या आसपासचा एक वृत्तपत्र-कर्मचारी तापाने, भ्रमिष्ट अवस्थेत दाखल झाला. मेंदुज्वराचा संशय होता. संसर्गरोगतज्ज्ञाने पाठीच्या कण्यातील द्रवाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा मोठे, जांभळ्या रंगाचे दंडाकार जंतू दिसले. मेंदुज्वरात सहसा असे जंतू दिसत नाहीत. बाहेरून मिसळलेले म्हणून ते दुर्लक्षित करता आले असते. त्या डॉक्टरांनी अँथ्रॅक्सची शंका मनात धरली, आरोग्य विभागाला कळवले, नमुना राज्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवला आणि ४ तारखेला निदान पक्के झाले. तो रुग्ण वाचला नाही. पण कोणीतरी टपालाने पाठवलेल्या, अँथ्रॅक्सची भुकटी भरलेल्या पत्रांचा माग तेथून लागला. त्या प्रकरणात एकूण २२ जणांना बाधा झाली आणि पाच जणांचा मृत्यू झाला.

उलट उदाहरण १९७२ च्या युगोस्लाव्हियाचे आहे. तेथे आलेली देवीची साथ नैसर्गिक होती, पण धडा तोच. रक्तस्रावी स्वरूपाची देवी झालेल्या एका तरुणाचा आजार पेनिसिलिनची प्रतिक्रिया समजला गेला, त्याला एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवण्यात आले आणि वेगळ्या प्रकारची प्रतिक्रिया म्हणून विद्यार्थ्यांना दाखवण्यातही आले. त्याच्याकडून ३८ जणांना लागण झाली, त्यांत डॉक्टर आणि परिचारिका होत्या. पुढे देशभरात सुमारे १ कोटी ८० लाख लोकांना लस देऊन ती साथ १७५ रुग्ण आणि ३५ मृत्यूंवर रोखली गेली. कित्येक वर्षे न पाहिलेला आजार समोर येतो तेव्हा अनुभवी डोळ्यांनाही तो ओळखू येत नाही, म्हणून वर्षातून एकदा तरी छायाचित्रांसह उजळणी घेणे आवश्यक आहे.

बाह्यरुग्ण विभागातील प्रत्येकाला पुढील चित्रे तोंडपाठ असावीत. धडधाकट माणसाला फ्लूसारखा ताप येऊन अचानक श्वास लागतो आणि छातीच्या क्ष-किरण चित्रात दोन फुफ्फुसांमधला भाग रुंदावलेला दिसतो, तेव्हा अँथ्रॅक्सचा विचार करावा. त्वचेच्या अँथ्रॅक्समध्ये न दुखणारा, मधोमध काळी खपली धरणारा व्रण असतो, ज्यामुळे त्याला काळपुळी म्हणतात. पापण्या जड होणे, एकाचे दोन दिसणे, बोबडी वळणे, गिळता न येणे आणि तेथून खाली उतरत जाणारा दोन्ही बाजूंचा लुळेपणा, पण ताप नाही आणि शुद्ध पूर्ण, हे बॉट्युलिझमचे चित्र आहे. रक्तमिश्रित थुंकी आणि झपाट्याने ढासळणारा न्यूमोनिया हे प्लेगचे लक्षण असू शकते. देवीत दोन-चार दिवस कडक ताप येऊन मग पुरळ उठते, ते चेहरा, हातपाय, तळहात आणि तळपायांवर अधिक असते आणि शरीराच्या एका भागावरचे सर्व फोड एकाच अवस्थेत असतात. कांजिण्यांत पोट-पाठीवर फोड जास्त असतात आणि ताजे, पिकलेले व सुकलेले फोड शेजारी शेजारी दिसतात.

एकट्या रुग्णाइतकेच समूहाच्या नमुन्याकडे लक्ष हवे. त्या प्रदेशात न आढळणारा आजार, नेहमीपेक्षा तीव्र स्वरूप, एकाच इमारतीतील किंवा एकाच कार्यक्रमाला गेलेले रुग्ण, दोन-तीन दिवसांत एकदम चढणारा रुग्णसंख्येचा आलेख, त्याच सुमारास मेलेली जनावरे आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणारा जंतू, या खुणांपैकी एक जरी दिसली तरी फोन उचलावा. १९७९ मध्ये सोव्हिएत संघातील स्वेर्दलोव्स्क येथे अँथ्रॅक्सने किमान ६६ माणसे मेली आणि दूषित मांसामुळे हे घडले, असे सरकारने सांगितले. मात्र रुग्ण त्या दिवसांत कोठे होते याचा नकाशा नंतर शास्त्रज्ञांनी काढला, तेव्हा बहुतेक जण लष्करी प्रयोगशाळेपासून वाऱ्याच्या दिशेने जाणाऱ्या एका अरुंद पट्ट्यात असल्याचे आणि त्याच रेषेवर पुढच्या गावांतील जनावरे मेल्याचे स्पष्ट झाले. तो अपघात होता, हल्ला नव्हता. पत्ता, कामाचे ठिकाण आणि लक्षणे सुरू झाल्याची तारीख या तीन साध्या नोंदी केसपेपरवर नीट असतील तरच असा नकाशा काढता येतो.

सर्वेक्षणासाठी महागड्या संगणकप्रणाली उपयोगी पडतात, पण त्यांच्यावर विसंबून राहू नये. तापाचे रुग्ण, औषधदुकानांतील विक्री, शाळांतील गैरहजेरी यांचे रोजचे आकडे पाहणारा माणूस ठरलेला असावा आणि कळवणाऱ्या डॉक्टरला त्याच दिवशी उत्तर मिळावे. शंका खोटी ठरली म्हणून कोणाला बोल लावला गेला, तर पुढच्या वेळी फोन येणार नाही.

चौथी पायरी : संशयित रुग्णाच्या दारात

संशय आल्यापासूनच्या पहिल्या तासाची कामे अपघात विभागाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेली असावीत. रुग्णाला मास्क देऊन दार बंद करता येईल अशा वेगळ्या खोलीत न्यावे. शक्य असेल तर त्या खोलीतील हवा इतर कक्षांत जाणारी नसावी. आत जाणाऱ्यांची संख्या कमीत कमी ठेवावी आणि दारावर वही ठेवून प्रत्येकाचे नाव व वेळ लिहावी. सफाई कर्मचारी, कक्षसेवक आणि रुग्णवाहिकेचा चालक यांची नावे वहीत सर्वांत आधी लिहावीत, कारण नंतर आठवताना नेमकी तीच विसरली जातात.

नमुने प्रतिजैविक देण्याआधी घ्यावेत. पण नमुना घेण्यात अडचण येत असेल तर उपचार थांबवू नयेत. न्यूमोनिक प्लेगमध्ये लक्षणे सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत योग्य औषध मिळाले नाही तर रुग्ण वाचण्याची शक्यता फार कमी होते. बॉट्युलिझममध्ये प्रतिविष लुळेपणा पुढे सरकणे थांबवते, झालेली हानी भरून काढत नाही. म्हणून रक्ताचा नमुना घेऊन, तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता, लक्षणांवरून प्रतिविष मागवावे आणि रुग्णाला अनेक आठवडे व्हेंटिलेटर लागू शकेल हे गृहीत धरावे.

भुकटी अंगावर उडाल्याचे सांगणारी व्यक्ती आली, तर कपडे न झटकता उतरवून पिशवीत बंद करावेत आणि तिला साबण व भरपूर पाण्याने आंघोळ घालावी. शरीरावर ब्लीच किंवा इतर जंतुनाशक कधीही वापरू नये. संशयास्पद पाकीट आढळल्यास ते हलवू नये, हुंगू नये, उघडून पाहू नये. जागीच ठेवून पंखे आणि वातानुकूलन बंद करावे, सर्वांनी बाहेर पडून दार लावावे, हात साबणाने धुवावेत, खोलीत कोण कोण होते त्याची यादी करावी आणि पोलिसांना बोलवावे.

पाचवी पायरी : नमुना आणि प्रयोगशाळा

नमुन्याबरोबर डॉक्टरची शंका लिहून जायलाच हवी, कारण टुलारेमियाच्या जंतूसारखे जंतू साध्या टेबलावर हाताळले तर तपासणाऱ्या तंत्रज्ञालाच आजार होऊ शकतो. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे काम मर्यादित आहे : संशयास्पद वाढ ओळखणे, नेहमीचा जंतू म्हणून ती नाकारता येत नसेल तर तेथेच थांबणे आणि सुरक्षित पद्धतीने संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवणे. देवीचा किंवा रक्तस्रावी तापाचा संशय असेल तर वरिष्ठ प्रयोगशाळेशी बोलल्याशिवाय नमुन्याला हात लावू नये. पाठवताना गळतीरोधक नळी, तिच्याभोवती द्रव शोषणारा थर आणि दुसरे गळतीरोधक भांडे, त्यावर मजबूत बाहेरची पेटी, असे तिहेरी वेष्टन लागते. नमुना कोणी घेतला, कोणाकडे दिला, केव्हा दिला, याची सलग सह्यांची नोंद ठेवावी. उद्या हाच नमुना न्यायालयात पुरावा ठरू शकतो आणि मधली एक सही नसेल तर तो बाद होऊ शकतो.

सहावी पायरी : कळवणे आणि संयुक्त तपास

संशय पुरेसा आहे, खात्रीची वाट पाहू नये. डॉक्टरने साथरोग अधिकाऱ्याला, त्याने राज्य आणि राष्ट्रीय यंत्रणेला कळवावे. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम, जे २००५ साली संमत होऊन जून २००७ पासून लागू झाले, त्यांनुसार घटना आंतरराष्ट्रीय चिंतेची ठरू शकते असे मूल्यमापन झाल्यापासून २४ तासांच्या आत देशाने जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचे असते. देवीच्या बाबतीत एकच रुग्ण त्यासाठी पुरेसा आहे.

पोलिसांचे आणि आरोग्य विभागाचे प्रश्न वेगळे असतात. आरोग्य अधिकाऱ्याला रुग्ण काय जेवला, कोठे गेला, हे हवे असते. पोलिसांना कोणाचा हेतू काय, हे. दोघांनी स्वतंत्रपणे एकाच आजारी माणसाला तेच तेच विचारत बसण्यापेक्षा संयुक्त मुलाखत घ्यावी, पण रुग्णाची वैद्यकीय माहिती किती आणि कोणाला द्यायची याचा लेखी करार आधीच झालेला असावा. आपली माहिती थेट आरोपपत्रात जाईल अशी भीती वाटली तर लोक खरे सांगणार नाहीत आणि तेथेच साथीचा माग तुटेल.

सातवी पायरी : बाधा पोचलेल्यांचा शोध

रुग्णाची काटेकोर व्याख्या ठरवून संशयित, संभाव्य आणि निश्चित असे गट करावेत, लक्षणांच्या तारखांवरून आलेख काढावा आणि अधिशयन काळ (बाधा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) मागे मोजत संभाव्य दिवस व ठिकाण शोधावे. या टप्प्यावर सर्वांत घातक ठरतात ती आपली गृहीतके. २००१ मध्ये अँथ्रॅक्सचे पत्र वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी सिनेटच्या कार्यालयात उघडले गेले, तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांना तातडीने औषधे मिळाली. बंद पाकिटातून जंतू बाहेर पडणार नाहीत, असा समज असल्यामुळे ते पत्र ज्या ब्रेंटवूड टपालकेंद्रातून गेले, तेथील कामगारांना मात्र औषधे वेळेत मिळाली नाहीत आणि त्यांच्यापैकी दोघांचा मृत्यू झाला. वस्तू ज्या ज्या हातांतून आणि यंत्रांतून गेली त्या प्रत्येक टप्प्यावरचा माणूस बाधित समजून सुरुवात करावी आणि मग पुराव्यानुसार यादी लहान करत जावे. प्रतिष्ठितांची तपासणी आधी आणि हमालांची नंतर, असे चित्र उभे राहिले तर वैद्यकीय हानीबरोबर विश्वासाचीही हानी होते आणि ती भरून यायला कित्येक वर्षे लागतात.

संसर्गजन्य आजारांत संपर्कातील व्यक्तींची रोज विचारपूस करावी लागते. न्यूमोनिक प्लेगच्या रुग्णाच्या सुमारे दोन मीटरच्या आत आलेल्यांना सात दिवस प्रतिबंधक औषध द्यावे आणि तापावर लक्ष ठेवावे. देवीच्या संपर्कातील व्यक्तीला चार दिवसांच्या आत लस मिळाली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. जगातून देवी हद्दपार करण्यात प्रत्येक रुग्णाभोवती अशा लसीकरणाचे कडे उभारण्याचा मोठा वाटा होता.

आठवी पायरी : औषधे लोकांपर्यंत पोचवणे

सगळी तयारी येथे कसोटीला लागते, आणि योजना-पुस्तिकांत नेमके याच प्रकरणाला सर्वांत कमी पाने मिळतात. थोडे गणित करून पाहावे. श्वसनमार्गाच्या अँथ्रॅक्सची बाधा पोचल्याचा संशय असेल तर सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सिसायक्लिन ६० दिवस घ्यावे लागते, कारण जंतूचे बीजाणू (कठीण कवचातील निद्रिस्त रूप) फुफ्फुसांत दीर्घकाळ तसेच राहू शकतात. स्वेर्दलोव्स्कमध्ये काही जण सहा आठवड्यांच्या सुमारास आजारी पडले होते. दिवसाला दोन गोळ्या धरल्या तर एका माणसाला १२० आणि १०,००० माणसांना १२ लाख गोळ्या लागतात. सुरुवातीला दहा दिवसांचाच पुरवठा द्यावा आणि जंतू कोणत्या औषधाला दाद देतो ते कळल्यावर उरलेला द्यावा, हे व्यवहार्य ठरते.

आता वेळ मोजू. एक लाख लोकांना ४८ तासांत औषध द्यायचे तर ताशी सुमारे २,१०० माणसे होतात. दहा केंद्रे असतील तर प्रत्येकी ताशी २१०. एका खिडकीवर माणशी दोन मिनिटे लागली तर ताशी ३० जण होतात, म्हणजे प्रत्येक केंद्रावर एका वेळी सात खिडक्या सतत चालू हव्यात. त्यांशिवाय प्रवेशद्वारावरील चाळणी, अर्ज भरण्यास मदत, रांग सांभाळणे, सुरक्षा आणि पाळीबदलाची माणसे वेगळी. हा हिशेब कागदावर मांडला की डॉक्टरांची संख्या अपुरी असल्याचे लगेच लक्षात येते. म्हणून शिक्षक, निवृत्त परिचारिका, औषधनिर्माते आणि स्वयंसेवक यांना आधीच प्रशिक्षण द्यावे.

केंद्राच्या दारातच आजारी माणसे वेगळी काढून रुग्णालयाकडे पाठवावीत. निरोगी रांगेत ताप असलेला माणूस उभा राहता कामा नये. अर्ज एका पानाचा असावा : ॲलर्जी आहे का, गर्भवती आहात का, इतर कोणती औषधे चालू आहेत, घरात कोण कोण आहे. लहान मुलांसाठी वजनानुसार मात्रेचे तक्ते आणि गोळी कुटून देण्याची लेखी पद्धत तयार हवी. कुटुंबातील एकाने सर्वांची औषधे न्यावीत अशी सोय केली तर रांग लक्षणीय कमी होते. अंथरुणाला खिळलेले, अपंग, बेघर, तुरुंगातील आणि भाषा न समजणारे यांच्यासाठी औषध घरी किंवा जागेवर पोचवण्याची व्यवस्था मूळ योजनेतच असावी.

गोळ्या दिल्या म्हणजे त्या घेतल्या गेल्या असे नाही. २००१ मध्ये सुमारे १०,००० लोकांना ६० दिवसांचे औषध सुचवले गेले होते आणि निम्म्याहून कमी लोकांनी ते पूर्ण केले. मळमळ, जुलाब, कंटाळा आणि ‘आपल्याला काही झालेले नाही’ ही भावना यांमुळे गोळ्या सुटतात. दर आठवड्याला फोन करणारे पथक याच कामासाठी नेमावे आणि दुष्परिणामांबद्दल तक्रार करणाऱ्याला औषध बदलून मिळावे.

या पायरीची रंगीत तालीम केल्याशिवाय योजना मंजूर करू नये. फ्लूच्या किंवा इतर नियमित लसीकरणाच्या दिवशी हीच रांग, हेच अर्ज आणि हीच पाळी वापरून पाहावी. त्यासाठी वेगळा खर्चही लागत नाही. तालमीत अडथळे दिसले तर तिचा उपयोग झाला असे समजावे, आणि प्रत्येक अडथळ्यासमोर दुरुस्ती करणाऱ्याचे नाव व तारीख लिहावी.

नववी पायरी : लोकांशी बोलणे

१९९४ च्या सप्टेंबरमध्ये सुरतमध्ये न्यूमोनिक प्लेगची बातमी पसरली आणि लाखो लोकांनी शहर सोडले, दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसे झाले. पोकळी निर्माण झाली की ती अफवांनी भरते. २००१ मध्ये फ्लोरिडातील पहिल्या रुग्णाबद्दल, तो ओढ्याचे पाणी प्यायला होता, असे खुद्द अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी माहिती पुरेशी नसताना सांगितले आणि पुढचे रुग्ण समोर येताच सरकारच्या शब्दाची किंमत घसरली. धीर देण्याच्या घाईत केलेले विधान धीर देत नाही.

एकच प्रवक्ता असावा आणि तो शक्यतो डॉक्टर असावा. प्रत्येक निवेदनात आपल्याला नक्की काय माहीत आहे, काय अजून माहीत नाही, ते शोधण्यासाठी काय चालले आहे, नागरिकांनी आज काय करावे आणि पुढचे निवेदन किती वाजता होईल, या पाच गोष्टी असाव्यात. सांगण्यासारखे नवे काही नसले तरी ठरलेली वेळ चुकवू नये. कोणत्या लक्षणांवर रुग्णालयात यावे आणि कोणत्या स्थितीत घरीच थांबावे, हे स्पष्ट सांगितले तरच रुग्णालयावरचा लोंढा आटोक्यात राहतो. टोकियोच्या भुयारी रेल्वेत १९९५ साली ओम शिनरिक्यो पंथाने केलेला सारिन या विषारी वायूचा हल्ला रासायनिक होता, पण त्या दिवशी एकट्या सेंट ल्यूक रुग्णालयात ६४० लोक पोचले आणि त्यांतील बहुतेकांची लक्षणे सौम्य होती. घाबरून आलेल्या माणसालाही जागा, पाणी आणि बोलणारा कोणीतरी हवा असतो. त्याला परतवून लावू नये, अतिदक्षता विभागापासून दूर, वेगळ्या दालनात त्याची तपासणी व समुपदेशन करावे. एखाद्या समाजावर किंवा वस्तीवर बोट दाखवणाऱ्या चर्चांना प्रवक्त्याने त्याच दिवशी, थेट शब्दांत विरोध करावा.

दहावी पायरी : कर्मचारी, इमारती आणि पाठपुरावा

कर्मचारी कामावर यावेत असे वाटत असेल तर त्यांच्या कुटुंबाला प्रतिबंधक औषध पहिल्या दिवशी मिळेल, ही हमी आधीच लेखी द्यावी. पाळ्या मर्यादित ठेवाव्यात, विश्रांतीची जागा रुग्णकक्षापासून वेगळी असावी आणि जोखमीच्या कामासाठी विमा व भरपाईचे आदेश तयार असावेत. रुग्णसेवा करताना आजारी पडलेल्या सफाई कामगाराची भरपाई फायलींत अडकणे हा अन्याय आहे आणि पुढच्या संकटात कोण हजर राहील, हेही त्यावरून ठरते.

बॉट्युलिझमचे विष किंवा प्लेगचा जंतू उघड्या हवेत फार टिकत नाही; अँथ्रॅक्सचे बीजाणू मात्र वर्षानुवर्षे तग धरतात. ब्रेंटवूडचे टपालकेंद्र ऑक्टोबर २००१ मध्ये बंद झाले, ते क्लोरिन डायऑक्साइड वायूने निर्जंतुक करून डिसेंबर २००३ मध्ये पुन्हा उघडले. त्यामुळे इमारत केव्हा सुरक्षित मानायची याचे निकष, नमुने कोठून व किती घ्यायचे, निर्णय कोण देणार आणि तोवर तेथील काम कोठे चालेल, हे मालक, कामगार प्रतिनिधी आणि आरोग्य विभाग यांनी एकत्र बसून ठरवावे. कामगारांना नमुन्यांचे निकाल वाचायला मिळावेत.

बाधा पोचलेल्यांची नोंदवही साथ ओसरल्यावरही चालू राहते. औषधाचा काळ संपल्यानंतर, त्यानंतर तीन महिन्यांनी आणि वर्षभराने प्रत्येकाशी संपर्क साधून प्रकृती, झोप, कामावर परतणे आणि औषधांचे दुष्परिणाम विचारावेत. आजार झालेल्यांपैकी अनेकांना थकवा आणि मानसिक ताण दीर्घकाळ सतावतो. फोन न उचलणाऱ्याच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्याने जाऊन यावे. वहीतील प्रत्येक नावासमोर बरा, उपचार चालू, स्थलांतरित की मृत, असा तारखेसह शेरा आल्याशिवाय साथरोग अधिकाऱ्याने तिच्यावर शेवटची सही करू नये.